थ्री फेज आणि अंड्यांचा खोका

पडद्यावर सदतीस पूर्णांक सहा हा आकडा होता आणि हातातलं अंडं पापणीला चटका देत होतं.

अंडं किती गरम आहे हे बघायचं असेल तर ते मिटलेल्या डोळ्याला लावायचं, हे मला आईने शिकवलं. काम करून बोटं राठ होतात, त्यांना फरक कळत नाही. पापणीला कळतो. खुडूक कोंबडीच्या पोटाखालून काढलेलं अंडं पापणीला लावलं तर ते गरमही वाटत नाही आणि गारही वाटत नाही, आपल्या अंगासारखंच लागतं. हे अंडं तसं नव्हतं. मी दुसरं उचललं, मग कोपऱ्यातलं तिसरं. सगळी तशीच. खोक्यातले दोन्ही बल्ब जळत होते आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता.

मी पिन उपसली आणि झाकण काढलं. सून कांद्याच्या चाळीतून धावत आली.

"आत्या, झाकण नका उघडू. आतली ओल जाती."

"अंडी उकडली नसली तर ओलीचं बघू."

तिने आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मग सूप आणलं आणि वारा घालायला लागली. वैशाखातली दुपार, वर पत्रा. तो वाराही गरमच होता. अंड्यांवरून ओला हात फिरवावा की फिरवू नये, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. खाली मातीच्या जमिनीवर काढून ठेवावीत म्हटलं तर अंडी एकदम गार पडून आतला जीव मरेल का, तेही माहीत नव्हतं. सुनेने पुण्याला तिच्या मुलीला, माझ्या नातीला, फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. तिचा पेपर होता आणि पेपरला फोन बाहेर ठेवावा लागतो. ती अंडी किती वेळ तशी तापत होती, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. सांगायचं काम ज्याचं होतं तो खोका सदतीस पूर्णांक सहा म्हणत बसला होता.

त्या अंड्यांचं एवढं काय, असं माझ्या दिराने विचारलं होतं, आणखीही कोणी विचारेल, म्हणून सांगते.

आमच्या घरी मेंढरं होती. मी लग्न होऊन आणे पठारावर आले तेव्हा दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर घालून आम्ही मेंढरांमागे कोकणात उतरायचो आणि पावसाच्या आधी परत यायचो. घोड्यावर भांडी, जातं, लहान मूल, आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या. मुक्काम पडला की त्यांचे पाय सोडायचे. आजूबाजूला उकरायच्या, काही मिळेल ते खायच्या आणि अंधार पडायच्या आत त्याच बोज्यावर येऊन बसायच्या. बाजारातून घेतलेली कोंबडी पहिल्याच मुक्कामाला हरवायची. आमच्या हरवत नव्हत्या, कारण हरवणाऱ्या आधीच हरवून संपल्या होत्या. उरलेल्यांचीच अंडी बसवायची, त्यांचीच पिल्लं न्यायची. करड्या रंगाच्या, बारीक हाडाच्या कोंबड्या. दिसायला काही नाही. पुढे मेंढरं विकली, घोडं गेलं, आम्ही शेती करायला लागलो. कोंबड्या राहिल्या.

यंदा चैत्रात मर आली. एक कोंबडी सकाळी मान मुरगाळून गोल गोल फिरताना दिसली, आणि आठवडाभरात खुराडं रिकामं झालं. माझंच नाही, सगळ्या वस्तीचं. खड्डा खणून वर चुना टाकून पुरल्या. दोन कोंबड्या खुडूक व्हायच्या बेतात होत्या म्हणून मी त्यांच्यासाठी ज्वारीच्या डब्यात अंडी साठवत होते. कोंबड्या गेल्या आणि डब्यातली अंडी तेवढी राहिली. ती बसवायला आसपास कोणाकडे कोंबडीच उरली नव्हती. मला त्यातून निदान एक कोंबडी आणि एक कोंबडा पाहिजे होता. तेवढ्यावर पुन्हा सगळं उभं राहतं.

नात पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. तिने कॉलेजच्या कामासाठी अंडी उबवायचा खोका केला होता, तो घेऊन ती आली. थर्माकोलचा मोठा खोका, आत दोन बल्ब, एक लहान पंखा, पाण्याची वाटी. बाहेरच्या बाजूला पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर बारीक बारीक काळे चौकोन, आणि बाजूला आकडे दाखवणारा पडदा.

"आजी, हा काँप्युटर," ती म्हणाली.

"एवढुसा?"

"एवढुसाच. आत किती गरम हाय ते ही वायर याला सांगती. जास्त झालं की हा बल्ब बंद करतो, कमी झालं की लावतो. कोंबडी करती तेच."

"कोंबडी मधी उठती, दाणं खाती, पाणी पिती."

"हा उठत न्हाई."

पुढे तो रोज उठायला लागला.

तिने अंडी मांडली. एका बाजूला मी कोळशाची खूण केली, म्हणजे फिरवताना कळावं. ती दोन दिवस राहिली, तेवढे दिवस सगळं नीट चाललं, आणि ती परीक्षेला निघून गेली. त्यानंतर एका सकाळी आकडा थांबलेला दिसला. बल्ब बंद आणि अंडी गार. सुनेने पिन काढून परत घातली तर चालू झाला. दुसऱ्या सकाळी परत तेच. एखाद्या दिवशी नीट असायचा, पण त्या दिवशी नीट का होता तेही कळायचं नाही.

मग मायलेकींचं फोनवर सुरू झालं.

"आई, लाल दिवा लागलाय का?"

"लागलाय."

"आन हिरवा?"

"हिरवा न्हाई."

"अजिबात न्हाई का मिचकावतोय?"

"मगाशी मिचकावत व्हता, आता न्हाई. तू हितं येऊन बघ ना, मला काय इचारती."

"कशी येऊ? पेपर हायेत."

"मग खोका कशाला दिला म्हातारीला?"

मी शेजारीच बसलेली. मला ऐकू येत नाही असं सुनेला वाटतं.

आधी मुंग्यांवर संशय आला. पट्टीवर दोन मुंग्या दिसल्या होत्या, म्हणून सुनेने खोक्याभोवती हळदीची रेघ ओढली. मुंग्या थांबल्या, खोका थांबायचा राहिला नाही. मग नात म्हणाली, पाण्याची वाफ पट्टीला लागत असेल. वाटी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. मग माझ्या लोखंडावर आलं. अंडी बसवताना पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवायचा ही आमच्याकडची रीत आहे. वळवाचं आभाळ गडगडलं की अंड्यातला जीव दचकून मरतो, लोखंड असलं की मरत नाही. मी मोडक्या विळ्याचं पातं अंड्यांखाली ठेवलं होतं. ते बोलता बोलता निघालं.

"आजी, काढ ते," नात म्हणाली. "वायरीला कुठं लागलं म्हंजे?"

"वायर वर हाय. इळा खाली हाय."

"तरी काढ. माझ्यासाठी काढ."

काढलं. त्यानंतर दोन दिवस खोका एकदाही थांबला नाही. सुनेने सगळ्या वस्तीला सांगितलं की सासूच्या विळ्याने काँप्युटर बंद पडत होता. दीर मुद्दाम चहाला आले आणि हसून गेले. मलाही पटलं. तिसऱ्या दिवशी खोका परत थांबला. मी पातं चिंधीत गुंडाळून खोक्यावर ठेवलं, कारण आभाळ भरून यायला लागलं होतं. 

मग तिने पट्टी टीव्हीला जोडायला सांगितली. सुनेने फोन खांद्यात धरून वायर घातली आणि मालिका लागायची तिथे इंग्रजी ओळींचं पान उघडलं. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं, वरपासून खालपर्यंत. मी चौथी शिकले आहे. मराठी वाचते. त्या पानावरचं मला एवढंच दिसलं की सगळ्या ओळी एका लांबीच्या आहेत आणि शेवटची तोकडी आहे. त्याचा अर्थ काय ते मला कळणार नव्हतं. दहावी झालेल्या सुनेलाही कळलं नाही. तिने पानाचे फोटो काढले. आमच्या घरात फोटो जाईल एवढी रेंज येत नाही, त्यासाठी पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतं. ती उन्हात चढून गेली आणि तिथेच उभी राहून उत्तर घेऊन आली.

"ती म्हणती प्रोग्रॅममधी चूक न्हाई. चूक असती तर तसं लिहून थांबला असता. ह्यो लिहिता लिहिता मधीच तुटलाय. लाईटचं काम हाय, म्हणती."

"लाईट तर व्हती," मी म्हणाले. "पंखा चालू व्हता."

"मीबी तेच म्हणलं. ती म्हणती लाईट जात न्हाई, दबती. थ्री फेज येती तवा लाल दिव्याकडं कोनी तरी बघत बसा."

आमच्याकडे घराची लाईट दिवसभर असते. मोटारीची थ्री फेज तेवढी पाळीने येते, एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. आधीचा आठवडा रात्रीचा होता, म्हणून खोका नेहमी सकाळी मेलेला सापडायचा. आता दिवसाची पाळी लागली होती. मी खोक्यापुढे पोतं टाकून बसले आणि लाल दिव्याकडे बघत राहिले.

थ्री फेज आली ते मला दिव्याआधी कानांनी कळलं. दिराच्या विहिरीवरचा स्टार्टर खट् झाला. त्याच्या मागोमाग ओढ्याकडचा, मग वरच्या आळीचे. वस्तीवर एकही स्टार्टर असा नाही ज्याला ऑटो बसवलेला नाही. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटार आपली आपण चालू होते, माणसाने जावं लागत नाही. सगळ्या मोटारी एका डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या एका दमात उठतात. घरातला बल्ब पिवळा पडला. खोक्यातले दोन बल्ब पिवळे पडले. लाल दिवा गेला आणि आला. पापणी मिटून उघडावी तेवढाच वेळ. त्यानंतर पडद्यावरचा आकडा हलला नाही.

मी सुनेला सांगितलं, सुनेने फोनवर मुलीला सांगितलं. कारण सापडलं होतं. मला वाटलं, आता काम झालं.

मी दिराकडे गेले. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"भावजी, तुमचा ऑटो काढा चार रोज. मोटार हातानं चालू करा, जरा दमानं."

"का वं, वहिनी?"

सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू तोंडात टाकली.

"कोंबडीला लाईट लागायला लागली, आता मोटारीला कोंबडी बसवू का?"

"हसू नका. माझी आखरीची अंडी हायेत."

"हसत न्हाई. मी काढतो वो ऑटो. पर मी एकट्यानं काढून काय व्हईल? वरच्या आळीवाले काढतील का? ओढ्यावरचा काढील का? त्यांच्या मोटारी पैल्या उठल्या की माझ्या हिरीत काय ऱ्हाईल ते तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. पठारावर पाणी मुळात कमी, आणि आमच्या वस्तीच्या विहिरी नि बोअर एकाच झऱ्यावर आहेत. ज्याची मोटार आधी उठेल तो आधी ओढतो. वैशाखात मागे राहिलेल्याच्या पाइपातून नुसता वारा येतो. म्हणून तर ऑटो. वेलीवर टोमॅटो धरलेले असताना कोण थांबेल? मी असते तर थांबले नसते.

तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑटो काढला. थ्री फेज आली, बाकीच्या मोटारी उठल्या, लाल दिवा गेला आणि आला. ते उशिरा गेले तेव्हा त्यांच्या विहिरीत पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, मोटारीचा फुटबॉल, पाण्याबाहेर उघडा पडला होता. त्यांचा टोमॅटोचा एक तुकडा तसाच कोरडा राहिला. जाऊबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी ऑटो परत बसवला. येऊन सांगून गेले तेवढं.

"वहिनी, आपल्या हातात न्हाई वो हे."

वरच्या आळीत मी गेलेच नाही.

मुलाने नारायणगावातून पट्टीसाठी जाड वायरीचा नवा चार्जर आणला. त्यावर खोका एकच दिवस न थांबता चालला. नातीने सांगितलं म्हणून त्याने मोबाइलची पॉवर बँक मध्ये जोडली. पण लाईट दबली की ती बँकच क्षणभर थांबायची आणि पट्टी परत मरायची. नात म्हणाली, अशा नको, दुसऱ्या प्रकारची लागते, पुण्यात मिळते, पेपर संपले की घेऊन येते. थांबताना बल्ब चालू असला तर काय, असं मी तिला विचारलं होतं.  ती म्हणाली, थांबताना जसा असेल तसाच राहील, आजी. मी प्रोग्रॅम तसा लिहायला नको होता. पण आता फोनवरून मला तो बदलता येत नाही.

तोवर तो नेहमी बल्ब बंद असतानाच थांबला होता. त्या दुपारी जवळ कोणी नसताना आणि बल्ब चालू असताना थांबला.

सुपाने वारा घालून घालून अंडी निवाली. पापणीला अंगासारखी लागली तेव्हा मी झाकण लावलं आणि सुनेने पिन घातली. लाल दिवा लागला. हिरवा एकदा मिचकावला आणि परत नाही. आकडा आलाच नाही. पिन काढली, घातली. फुंकर मारली. पट्टीखाली नखाएवढं एक कार्ड होतं, ते सुनेने काढून पदराला पुसून परत बसवलं. काही नाही.

पेपर सुटल्यावर नातीचा फोन आला. दोघींनी तिला सांगितलं ते तिने नीट ऐकलं.

"कार्ड गेलं," ती म्हणाली. "सारखा सारखा मधीच मेला की ते खराब व्हतं. त्याच्यावरच सगळं लिहिलेलं व्हतं."

"मग आता?"

"आता हितून काय करता येत न्हाई, आजी. माझे दोन पेपर ऱ्हायलेत."

"अंडी त्याच्या आधी फुटतील."

"म्हाईत हाय."

ती रडत होती. मी तिला रडू नको म्हटलं नाही. रडून तिचं काही जात नव्हतं.

उरलेले दिवस आम्ही दोघींनी बल्ब हाताने चालवला. एक बल्ब काढून टाकला. मी अंडं पापणीला लावायची, गरम लागलं की पिन काढायची, निवलं की घालायची. सुनेला मी ते शिकवलं, पण तिला घाम आलेला असला की कळायचं नाही, मग मला हाक मारायची. वाटीत पाणी घालायचं, कोळशाच्या खुणा बघून अंडी फिरवायची. रात्री अंडी टोपलीत घालून घोंगडीत गुंडाळून चुलीच्या भिंतीला ठेवायची. ते बरोबर होतं की चूक, आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. खोका बंद पडण्याचं कारण शोधता आलं. अंड्यात काय झालं ते शोधता येत नाही. मोबाइलच्या बॅटरीपुढे धरून बघितलं. आधी ज्यांच्यात लाल शिरा दिसल्या होत्या, त्यांतल्या पुष्कळ अंड्यांत आता नुसतं एक कडं दिसत होतं, म्हणजे आतला जीव गेलेला. तरी मी एकही टाकलं नाही. न जाणो, माझी नजर कमी झाली असेल.

दिवस भरले. वाट बघितली. आणखी एक दिवस वाट बघितली. तीन अंड्यांना चोच पडली. एक पिल्लू अर्ध्या कवचात अडकून मेलं. मी सोडवायला गेले नाही, सोडवलेली जगत नाहीत. दोन बाहेर आली, चुलीजवळ वाळली आणि सुपातल्या कण्यांवर चोची मारायला लागली. बाकीची अंडी फोडून बघितली आणि पुरली.

पेपर संपल्यावर नात नवं कार्ड आणि चांगली बँक घेऊन आली. तिने खोका जोडला. दुसऱ्या दिवशी थ्री फेज आली, सगळ्या मोटारी उठल्या आणि आकडा हलत राहिला. ती त्याच्यापुढे बराच वेळ बसली होती. आत काही नव्हतं.

दोन्ही पिल्लं जगली. आता मोठी झाली आहेत. दोन्ही कोंबडे आहेत.